‘गॉड सेव्ह द क्वीन’ : एका गीताच्या वर्णनाचा प्रश्न

इंग्लंडमधील ‘सेक्स पिस्टल्स’ या वाद्यवृंदाचे ‘गॉड सेव्ह द क्वीन’ हे गीत २७ मे १९७७ रोजी ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले. पंक रॉक या संगीतप्रकारातील बहुधा सर्वांत गाजलेले असे हे गीत आहे. त्याचा उल्लेख संगीताच्या कोशात येवो, समाजेतिहासाच्या ग्रंथात येवो, की वृत्तपत्रातील एखाद्या टिपणात येवो, त्याचे वर्णन साधारणतः एकाच वाक्यात उरकले जाते. राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवासाठी लिहिलेले, राष्ट्रगीताचे विडंबन करणारे, राजसत्ताविरोधी व शून्यवादी, सरकारने बंदी घातलेले आणि बंदी असूनही विक्रीत पहिल्या क्रमांकावर पोचलेले गीत, असा त्या वाक्याचा आशय असतो. वाक्य सुटसुटीत आहे. तथापि त्यातील जवळजवळ प्रत्येक विशेषण वादग्रस्त असून, जी विशेषणे सर्वांत अधिक आत्मविश्वासाने योजली जातात तीच सर्वांत कमी टिकतात.

हा वाद केवळ शब्दांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. ध्वनिमुद्रिका बाजारात आल्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या आत गायक जॉन लिडन (त्या काळी ‘जॉनी रॉटन’ या टोपणनावाने परिचित), ड्रमवादक पॉल कुक आणि वेष्टनाचे चित्रकार जेमी रीड यांच्यावर लंडनमध्ये हल्ले झाले. लिडन यांच्यावर तर शस्त्राने वार करण्यात आले. हल्लेखोरांनी गीताचे शब्द लक्षपूर्वक ऐकले असतील असे मानणे कठीण आहे. त्यांच्यापर्यंत पोचले होते ते गीताचे वर्णन : ‘राणीला शिवी देणारे गाणे.’ मजूर पक्षाचे खासदार मार्कस लिप्टन यांनीही, प्रस्थापित संस्थांचा नाश करण्यासाठी पॉप संगीताचा उपयोग होणार असेल तर आधी त्या संगीताचाच नाश केला पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार काढले होते. त्यांचा निष्कर्ष वर्णनातून सरळ निघत होता. वर्णन बरोबर आहे की नाही, एवढाच प्रश्न उरत होता.

प्रथम कालाचा प्रश्न घ्यावा, कारण तो कागदपत्रांनी सुटण्याजोगा आहे. एलिझाबेथ राणीपदावर आल्या ६ फेब्रुवारी १९५२ रोजी. त्यांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव १९७७ मध्ये झाला आणि त्याचा मुख्य समारंभ जूनच्या पहिल्या पंधरवड्यात होऊन ७ जूनला सार्वजनिक सुट्टी देण्यात आली. गीत मात्र १९७६ च्या अखेरीपासून ‘नो फ्यूचर’ या नावाने मंचावर गायिले जात होते. श्रेयनामावलीत कुक, स्टीव्ह जोन्स, ग्लेन मॅटलॉक आणि रॉटन अशी चार नावे आहेत. त्यांपैकी मॅटलॉक फेब्रुवारी १९७७ मध्येच वाद्यवृंदातून बाहेर पडले, तेव्हा रचना त्याआधीची हे उघड होते. रचनेच्या वेळी रौप्यमहोत्सवाची आपल्याला कल्पनाही नव्हती, असे कुक यांनी पुढे सांगितले. मार्च १९७७ मध्ये ‘ए अँड एम’ या कंपनीने बकिंगहॅम राजवाड्यासमोर समारंभपूर्वक करार केला आणि आठवड्याच्या आत तो मोडला; तोपर्यंत छापून झालेल्या सुमारे २५,००० प्रतींपैकी बहुतेक नष्ट करण्यात आल्या. करार टिकला असता तर तबकडी उत्सवाच्या दोन-अडीच महिने आधीच दुकानांत आली असती. मे महिन्यात ‘व्हर्जिन’ या तिसऱ्या कंपनीने ती काढली, आणि एका कंपनीच्या भीतीमुळे झालेला विलंब योगायोगाने उत्सवाच्या मुहूर्तावर येऊन ठेपला.

याचा अर्थ गीताचा रौप्यमहोत्सवाशी संबंधच नाही असा मात्र नव्हे. ७ जूनच्या सुमारास ‘क्वीन एलिझाबेथ’ नावाच्या नौकेवर थेम्स नदीत वाद्यवृंदाचा कार्यक्रम करण्यात आला, तो उत्सवाला उद्देशूनच. पोलिसांनी नौका धक्क्याला लावावयास भाग पाडले आणि व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेन यांच्यासह काही जणांना अटक केली. ‘रौप्यमहोत्सवासाठी लिहिलेले’ हे विधान चुकीचे, तर ‘रौप्यमहोत्सवाच्या वेळी प्रसिद्ध केलेले व त्याविरुद्ध वापरलेले’ हे विधान बरोबर ठरते. लेखन, नामकरण आणि प्रकाशन हे तीन निरनिराळे क्षण आहेत. एकवाक्यी वर्णन त्यांना एकत्र कोंबते आणि मग कार्याला कारण समजण्याची चूक अटळ होते.

‘बंदी’ या शब्दाची कथा याहून बोधप्रद आहे. मराठी वाचकाच्या मनात ‘बंदी’ म्हटले की खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये ब्रिटिश सरकारने घातलेली बंदी उभी राहते : सरकारी हुकूम, कायद्याचे कलम, मोडल्यास शिक्षा. ‘गॉड सेव्ह द क्वीन’बाबत यांपैकी काहीच घडले नाही. बी.बी.सी.ने ते नभोवाणीवर वाजविण्याचे नाकारले. व्यापारी नभोवाणी केंद्रांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाने, हे गीत प्रक्षेपित केल्यास १९७३ च्या कायद्यातील अभिरुची व सभ्यता यांविषयीच्या तरतुदीचा भंग होईल, असे त्या केंद्रांना कळविले. वूलवर्थ, बूट्स आणि डब्ल्यू. एच. स्मिथ या मोठ्या दुकानसंस्थांनी तबकडी विक्रीस ठेवली नाही. पण ती बाळगणे, विकणे वा वाजविणे हा गुन्हा कधीच नव्हता, आणि गीताबद्दल कोणावर खटलाही झाला नाही. नॉटिंगहॅम येथे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चाललेला व आरोपीच्या निर्दोष सुटकेत संपलेला खटला वाद्यवृंदाच्या पुढच्या दीर्घ मुद्रिकेच्या नावातील एका शब्दाविषयी होता. त्याचा राणीशी वा या गीताशी संबंध नव्हता. दोन्ही प्रकरणे पुढे लोकांच्या स्मृतीत एकमेकांत मिसळली.

येथे एक आक्षेप येऊ शकतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ज्या देशात नभोवाणीचे सारे मार्ग दोन संस्थांच्या हाती आहेत आणि तबकड्यांच्या विक्रीचा मोठा भाग काही थोड्या दुकानसंस्थांकडून होतो, तेथे या सर्वांनी एकाच वेळी नकार देणे हे परिणामतः बंदीहून वेगळे कसे? परिणामाच्या दृष्टीने फरक कमी आहे हे खरे. परंतु वर्णनाच्या दृष्टीने तो मोठा आहे. सरकारी हुकुमाला एक कर्ता असतो व त्याच्याकडे जाब मागता येतो. येथे कर्ते अनेक, प्रत्येकाचे कारण वेगळे, आणि कोणीही एकटा जबाबदार नाही. गीतात ज्या व्यवस्थेचा उल्लेख येतो ती नेमकी अशीच चेहरा नसलेली आहे. ‘सरकारने बंदी घातली’ असे म्हणणारा लेखक गीताची बाजू घेत असल्याच्या समजुतीत त्याचा मुख्य मुद्दाच घालवून बसतो.

विक्रीच्या क्रमांकाचा प्रश्न प्रसिद्ध आहे. तो थोडक्यात आटोपावा. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाच्या तक्त्यात गीत पहिल्या क्रमांकावर गेले. बी.बी.सी. वापरीत असलेल्या अधिकृत तक्त्यात ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले, आणि पहिला क्रमांक रॉड स्ट्यूअर्ट यांच्या ध्वनिमुद्रिकेला मिळाला. अधिकृत तक्ता मुद्दाम बदलला गेला असा आरोप तेव्हापासून होत आला आहे. तो सिद्ध झालेला नाही. अधिकृत तक्ता ठरावीक दुकानांनी पाठविलेल्या विक्रीनोंदींवरून, तर साप्ताहिकाचा तक्ता दुकानांकडे दूरध्वनीने केलेल्या चौकशीवरून तयार होई. नमुन्यात कोणती दुकाने धरली आणि त्यांपैकी कितींनी तबकडी ठेवलीच नव्हती, यावर क्रमांक अवलंबून. म्हणून ‘पहिल्या क्रमांकाचे’ आणि ‘दुसऱ्या क्रमांकाचे’ ही दोन्ही वर्णने तक्त्याचे नाव दिल्यास खरी आणि न दिल्यास अपुरी आहेत. आकडा हे वस्तूचे वर्णन नसून मोजण्याच्या रीतीचे वर्णन असते, हे सांख्यिकीच्या विद्यार्थ्यास सांगावे लागत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासकास मात्र ते अधूनमधून सांगावे लागते.

येथवरचे प्रश्न गीताच्या बाहेरचे होते. यापुढचे प्रश्न गीताच्या आतले असून ते कागदपत्रांनी सुटत नाहीत.

‘राष्ट्रगीताचे विडंबन’ हे वर्णन पाहावे. मराठीत विडंबन या शब्दाला अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’पासून एक निश्चित अर्थ आला आहे : मूळ कवितेचे वृत्त, घाट आणि शब्दांची लकब कायम ठेवून आशय हास्यास्पद करणे. मूळ रचना ओळखू यावी, किंबहुना शब्दागणिक आठवत राहावी, हा विडंबनाचा प्राण होय. प्रस्तुत गीत राष्ट्रगीताकडून शीर्षकाचे चार शब्द घेते, आणखी काहीही घेत नाही. राष्ट्रगीताची चाल तीन मात्रांच्या संथ गतीची आहे; हे गीत चार मात्रांचे व वेगवान आहे. चालीचा एकही तुकडा उसना नाही. राष्ट्रगीताची कडवी, त्यांतील प्रार्थनेचा क्रम, यमकयोजना, यांपैकी कशाचाही माग येथे लागत नाही. ब्रिटिश अमदानीत हे राष्ट्रगीत येथील शाळांतून व सरकारी समारंभांतून म्हटले जाई. ज्या पिढीने ते म्हटले त्या पिढीतील कोणी ही तबकडी ऐकली असती तर मधल्या सुरावटीवरून त्याला त्याची आठवणही झाली नसती. तेव्हा हे विडंबन नव्हे. ते नावाचे अपहरण आहे : एक पवित्र मानले गेलेले वाक्य त्याच्या सुरातून उचलून परक्या सुरात बसविणे. ब्रिटनचे राष्ट्रगीत कोणत्याही कायद्याने ठरलेले नसून केवळ रूढीने आलेले आहे, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. जे रूढीच्या आधारावर उभे असते त्याला नव्या वापराने धक्का लागतो.

सांगीतिक वर्णनातही सवयीचे शब्द दिशाभूल करतात. पंक रॉक म्हटले की ओबडधोबड, अशिक्षित, घाईने उरकलेले असे मानण्याची पद्धत आहे. (‘पंक’ या शब्दाचा संस्कृत ‘पंक’ म्हणजे चिखल याच्याशी काही संबंध नाही, इंग्रजीत तो टाकाऊ वा वाह्यात माणसासाठी वापरला जाणारा जुना अपशब्द आहे. ध्वनिसाम्य इतके सोयीचे आहे की ते स्पष्टपणे नाकारणे बरे.) या तबकडीचे निर्माते ख्रिस टॉमस हे बीटल्स आणि पिंक फ्लॉइड यांच्या ध्वनिमुद्रणांवर काम केलेले अनुभवी तंत्रज्ञ होते. जोन्स यांची गिटार पुनःपुन्हा मुद्रित करून तिचे थर एकावर एक चढविलेले आहेत, आणि त्यामुळे सव्वातीन मिनिटांच्या या गीताला भिंतीसारखा भरीवपणा आला आहे. अमेरिकेतील ‘रमोन्स’ यांच्या १९७६ च्या पहिल्या मुद्रिकेतील दोन-दोन मिनिटांच्या गीतांशेजारी ते ठेवल्यास हे गीत तुलनेने संथ, लांब आणि बांधेसूद वाटते. ओबडधोबडपणा आहे तो गळ्यात, वाद्यांत नाही. हा भेद वर्णनात न आल्यास गीताचा परिणाम कशातून होतो हे कळत नाही. सुघटित वाद्यमेळ राष्ट्रीय समारंभाचा भारदस्तपणा पुरवितो, आणि आवाज तो भारदस्तपणा ओरबाडतो.

आता पाठ. ‘राजसत्ताविरोधी’ आणि ‘राणीला फॅसिस्ट म्हणणारे’ ही दोन वर्णने सामान्यतः एकमेकांच्या जागी वापरली जातात. पण पहिल्या दोन ओळींची रचना पाहिली तर दुसरे वर्णन इतके सरळ उरत नाही. पहिल्या ओळीत शीर्षकाचे वाक्य येते; दुसऱ्या ओळीत क्रियापद नसलेला केवळ एक नामसमूह येतो, आणि त्यात राज्यव्यवस्थेस फॅसिस्ट हे विशेषण लावलेले असते. या दुसऱ्या ओळीचा पहिलीशी अन्वय कसा लावावयाचा? ‘राणी म्हणजेच ती राजवट’ असा समानाधिकरण अन्वय लागतो. ‘राणीचे रक्षण होवो आणि त्या राजवटीचेही होवो’ असा पहिल्या क्रियापदाचा अध्याहार करूनही अन्वय लागतो. आणि दोन वस्तू नुसत्या शेजारी ठेवून निष्कर्ष श्रोत्यावर सोडला आहे असेही म्हणता येते. तिन्ही अन्वयांत राणीचे स्थान निरनिराळे आहे. पहिल्यात ती दोषी, दुसऱ्यात आश्रयदाती, तिसऱ्यात कदाचित केवळ दर्शनी पाटी. यानंतरच्या ओळीत श्रोत्याला मूढ बनविणारा कर्ता कोण, याबाबत तर निरनिराळ्या छापील प्रतींत पाठभेद आढळतो : कोठे अनेकवचनी ‘त्यांनी’, कोठे नपुंसकलिंगी ‘त्याने’. ‘त्याने’ घेतल्यास कर्ता राजवट. ‘त्यांनी’ घेतल्यास राजवटीमागील माणसे. राणी मात्र कोणत्याही पाठात कर्ता नाही, कारण स्त्रीलिंगी सर्वनाम तेथे नाही. एका सर्वनामावर वर्णन फिरते.

राणी मनुष्य नाही असे सांगणारी ओळ सर्वाधिक संतापास कारण झाली. तीत लंडनच्या बोलीतील दुहेरी नकार आहे. प्रमाण इंग्रजीच्या तर्काने दोन नकारांचा होकार होतो, परंतु बोलीत दुसरा नकार पहिल्याला बळकटी देतो, हे मराठी वाचकास पटवून देण्याची गरज नाही. तेव्हा अर्थ नकाराचाच. पण हा नकार कोणत्या प्रकारचा? ‘ती अमानुष आहे’ हा एक अर्थ. ‘तिला मनुष्य म्हणून उरू दिलेले नाही, तिचे प्रतीक करून ठेवले आहे’ हा दुसरा. पुढे एका कडव्यात पर्यटकांकडून मिळणाऱ्या पैशाचा आणि राज्यप्रमुखाच्या नामधारीपणाचा उल्लेख येतो, त्याने दुसऱ्या अर्थाला पुष्टी मिळते. पहिला अर्थ मात्र त्यामुळे नाहीसा होत नाही. अपमान आणि अनुकंपा एकाच ओळीत राहू शकतात. वर्णन करणाराला त्यांपैकी एक निवडण्याचा अधिकार कोणी दिलेला नाही.

‘शून्यवादी’ हे विशेषण सर्वांत सोपे म्हणून सर्वांत घातक ठरले आहे. मूळ शीर्षक ‘नो फ्यूचर’ असल्यामुळे आणि तेच शब्द शेवटी घोषणेसारखे घोळविले जात असल्यामुळे, भविष्य नाकारणारे गीत अशी त्याची ख्याती झाली. १९७६ च्या ब्रिटनमध्ये अशा घोषणेला पार्श्वभूमी होती हे निर्विवाद आहे : बेकारांची संख्या दहा लाखांच्या पलीकडे गेलेली, पौंडाची किंमत घसरलेली, आणि सरकार आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे कर्जासाठी गेलेले. पण गीताच्या मध्यावर एक कडवे असे आहे की ज्यात निवेदक प्रथमच ठामपणे ‘आम्ही’ म्हणून बोलू लागतो. स्वतःची तुलना तो फेकून दिलेल्या सुंदर वस्तूशी आणि यंत्रात भिनलेल्या विषाशी करतो, आणि लगेच भविष्य म्हणजे आपणच, असा दावा करतो. एका कडव्यात भविष्य नाही, आणि दुसऱ्यात आम्हीच भविष्य. यांतील पहिले विधान तेवढे उचलणे हे अर्धे वाक्य उद्धृत करण्यासारखे आहे. गीतातील सर्वनामांचा प्रवास ‘ती’, ‘तुम्ही’, ‘आम्ही’ असा आहे, आणि ‘भविष्य नाही’ हे वाक्य या प्रवासात प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाला लागू होते : प्रथम स्वप्नात गुंगलेल्या देशाला, मग ऐकणाऱ्याला, अखेरीस गाणाऱ्यालाही. ज्याला काहीच नको तो शून्यवादी. येथे निवेदकाला काहीतरी हवे आहे आणि ते नाकारले गेल्याचा त्याला संताप आहे.

‘आम्ही राणीवर प्रेम करतो, आणि हे आम्ही मनापासून म्हणत आहो’ अशा आशयाचे जे कडवे येते, त्याचे वर्णन करण्यास इंग्रजी समीक्षेतील ‘उपरोध’ हा एकच शब्द अपुरा पडतो. आपल्या अलंकारशास्त्रात स्तुतीच्या मिषाने केलेल्या निंदेला व्याजस्तुती म्हणतात, आणि वरवर पाहता हे तिचेच उदाहरण होय. मात्र व्याजस्तुतीत वाच्यार्थ सर्वत्र स्तुतीचाच असावा लागतो. येथे दोन ओळी आधी उघड निंदा होऊन गेलेली आहे. मग स्तुतीचे मिष राहिले कोठे? या कडव्यास अधिक लागू पडते ती काकू, म्हणजे स्वराच्या विशिष्ट चढउताराने अर्थ पालटणे. भरताने नाट्यशास्त्रात काकूचे साकांक्ष व निराकांक्ष असे भेद केले आहेत, आणि ‘वेणीसंहारा’तील भीमाच्या उक्ती मम्मटापासून या संदर्भात दाखविल्या जातात : शब्द नकार देतात आणि स्वर प्रतिज्ञा करतो. लिडन यांच्या उच्चारात ‘र’कार लांबविलेला, शब्दांचे शेवट उडविलेले वा ताणलेले आणि स्वर सदैव टोचणारा आहे. कागदावर छापलेले हे कडवे राजनिष्ठ प्रजाजनाचे वाटू शकेल. तबकडीवर ते तसे वाटणे अशक्य आहे. म्हणूनच केवळ छापील शब्दांवरून या गीताचे वर्णन करणारा अभ्यासक, नाटक न पाहता संहितेवरून प्रयोगाचे परीक्षण लिहिणाऱ्या टीकाकारासारखा ठरतो. उलट पक्षी, स्वर सदैव टोचणारा असल्यामुळे कोणती ओळ टोचण्यासाठी आहे आणि कोणती सरळ, हे स्वरावरूनही नेहमी कळत नाही, ही अडचणही मान्य केली पाहिजे. सदैव काकू म्हणजे जवळजवळ काकूचा अभाव.

अशा वेळी कर्त्यालाच विचारावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. लिडन यांनी वेळोवेळी उत्तर दिलेही आहे. असे गीत इंग्रज लोकांच्या द्वेषातून लिहिले जात नाही, त्यांच्यावरील प्रेमातून आणि त्यांना मिळणाऱ्या वागणुकीच्या चिडीतून लिहिले जाते, असे त्यांनी जूलियन टेंपल यांच्या २००० सालच्या ‘द फिल्थ अँड द फ्यूरी’ या माहितीपटात सांगितले. २०२२ मध्ये, राज्यारोहणास ७० वर्षे झाली तेव्हा, राजघराण्याविषयी आपल्या मनात वैर नाही आणि राणी इतकी वर्षे टिकून राहिल्या याचा आपल्याला अभिमान वाटतो, असे त्यांनी जाहीर केले. राजसंस्थेविषयीचा आक्षेप मात्र मागे घेतला नाही. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले, तेव्हाही त्यांनी आदरांजली वाहिली. यावरून काही लेखकांनी गीताचे वर्णनच बदलले : ते आता कष्टकरी इंग्रजांवरील प्रेमगीत झाले, आणि राणीवरील हल्ला हा गैरसमज ठरला.

विमसॅट आणि बीअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये लेखकाचा हेतू हा कृतीच्या अर्थाचा निकष होऊ शकत नाही असे प्रतिपादन केले. तो सिद्धांत सर्वस्वी मान्य केला नाही तरी येथे एक भेद करावाच लागतो. गीत केव्हा रचले, कोणत्या नावाने गायिले, या बाबतीत कर्त्याची व सहकाऱ्यांची साक्ष हा पुरावा आहे, कारण इतर पुराव्याशी ती पडताळून पाहता येते, आणि वर तशी ती पाहिलीही आहे. अर्थाच्या बाबतीत मात्र ४५ वर्षांनंतरचा कर्ता हा गीताचा आणखी एक श्रोता होय, जरी तो सर्वांत जाणकार श्रोता असला तरी. १९५६ मध्ये लंडनमध्ये आयरिश आईबापांच्या पोटी जन्मलेला, विशी ओलांडलेला बेकार तरुण जे बोलला ते प्रौढ, सुखवस्तू कलावंताला मवाळ वाटू लागावे हे साहजिक आहे. म्हणून गीतातील फॅसिस्ट हे विशेषण पुसले जात नाही. प्रेमाच्या वर्णनात जितके सत्य आहे तितके सत्य हल्ल्याच्या वर्णनातही आहे, आणि दोहोंपैकी एकाने दुसऱ्याला खोडण्याचा प्रयत्न केला की वर्णनाचे वकीलपत्र होते.

वेष्टनाविषयी एवढेच सांगणे पुरे की तेही गीताच्या वर्णनात नकळत शिरते. रीड यांनी राणीच्या छायाचित्रात डोळ्यांवर व ओठांवर कात्रणांसारख्या अक्षरांच्या पट्ट्या बसविल्या. ओठात सेफ्टी पिन टोचलेले चित्र सर्वांच्या स्मरणात आहे, पण ते जाहिरातीसाठी केलेले निराळे चित्र होते, तबकडीचे वेष्टन नव्हे. ‘राणीच्या ओठात पिन टोचणारे गीत’ अशी वाक्येही वाचावयास मिळतात, आणि ती लिहिणारांनी वेष्टन, जाहिरात व गीत या तीन वस्तूंची सरमिसळ केलेली असते.

राहता राहिला शीर्षकाच्या अनुवादाचा प्रश्न, आणि मराठीत या गीताविषयी लिहिणाराला तो टाळता येत नाही. इंग्रजी वाक्यातील क्रियापद आशीर्वादार्थी आहे : ‘देव राणीचे रक्षण करो.’ इंग्रजीत हे रूप आता जवळजवळ लुप्त असल्याने अनेक इंग्रज श्रोत्यांनाही ते आज्ञार्थासारखे ऐकू येते. मराठीत ‘करो’ हे रूप जिवंत आहे, म्हणून आपल्याकडे तो घोटाळा होत नाही. आता राष्ट्रगीतात राणीच्या जागी राजा आला आहे, तरी गीताचे शीर्षक अर्थातच आहे तेच राहिले. पण गीतात एका जागी, राणीवरील प्रेमाची ग्वाही दिल्यानंतर लगेच, हेच क्रियापद निश्चयार्थी वर्तमानकाळात येते. म्हणजे तेथे ‘करो’ नव्हे, ‘करतो’. कर्म गळालेले आहे. देव कोणाचे रक्षण करतो हे सांगितलेले नाही. इच्छा जाऊन तेथे विधान आले आहे, आणि ते विधान श्रद्धेने केले आहे, कुचेष्टेने केले आहे, की वाक्य अर्धवट सोडल्यामुळे ते तसे भासते आहे, हे ठरविल्यावाचून अनुवादकाला पुढची ओळ लिहिता येणार नाही.